थोरलीचा अडकलेला दम

बापाला मुलं दोनच, पण कुणी विचारलं तर तो तीन सांगायचा. आधी थोरली, मग मुलगा, मग धाकटी. थोरली म्हणजे त्याचा ट्रक. लग्नाच्याही आधी घेतलेला, पेट्रोलवर चालणारा, गोल नाकाचा, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेला. घरात कुणाला ताप आला तर बाप म्हणायचा, "झोपू दे, उतरेल." थोरली नुसती शिंकली तरी भरल्या ताटावरून उठायचा. धाकटीने लहानपणी एकदा आईला विचारलं होतं, "मी थोरलीच्या खाली आले तर बाबा आधी काय बघतील?" आई म्हणाली, "बंपर."

ही गोष्ट त्या धाकटीची. आता ती साठीला टेकली आहे आणि सगळा बाजार तिला आत्या म्हणतो. आधी भावाची मुलं म्हणायची, त्यांचं ऐकून शेजारची पोरं म्हणायला लागली, मग हमाल, मग दुकानदार. आता तर तिच्याहून वयाने मोठे असलेले म्हातारेही खुशाल आत्या म्हणतात आणि ती त्यांना "बोला बाळ" म्हणते. बांधा आडवा, आवाज असा की ट्रकचा हॉर्न वर्षभर बंद होता तरी तिचं काही अडलं नाही. धंदा लोकांची घरं हलवण्याचा. कपाटं, पलंग, गाद्या, कुंड्या आणि जे कुठे ठेवायचे ते कळत नाही असे आरसे, हे सगळं थोरलीच्या पाठीवर घालायचं आणि दुसऱ्या दारात नेऊन उतरवायचं. नवरा शिंपी. तो फारसा बोलत नाही, कारण त्याच्या तोंडात सतत टाचण्या असतात. आपला संसार टाचण्यांमुळे टिकला, असं आत्या चारचौघांत सांगते आणि तो मान हलवतो.

बापाने जाताना वाटणी केली ती अगदी सरळ. गॅरेज मुलाला, ट्रक मुलीला. लोकांना नवल वाटलं, घरच्यांना नाही. कारण दादाला, म्हणजे आत्याच्या मोठ्या भावाला, गाडी लागायची. शहरातला नावाजलेला मिस्त्री, पण कुणाच्या गाडीत बसला की दुसऱ्या वळणाला तोंड दाबायचा आणि तिसऱ्याला दार उघडायचा. बापाने त्याला ट्रक चालवायला शिकवायचा लई घाट घातला. दादा रस्त्याकडेच्या झाडाला धरून ओकत असायचा, तेवढ्यात धाकटी रिकाम्या सीटवर जाऊन बसायची. अशी ती ड्रायव्हर झाली. आणि दादा मिस्त्री झाला तो उभ्या गाडीचा. गाडी जागेवर सुरू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचं. बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. चुकला तर गाडीच्या मालकाला शिव्या घालायचा.

दोघं बहीणभाऊ एकमेकांशी बोलायचे ते भांडल्यासारखे, आणि खरंच भांडले तर बोलायचे नाहीत. त्यामुळे गॅरेजातून आरडाओरडा ऐकू आला की शेजारी निर्धास्त असायचे.

तर झालं असं, की थोरलीचा कार्बोरेटर गळायला लागला. उभी केली की खाली पेट्रोलचा डाग, चालू केली की काळा धूर. दादा म्हणाला, "पुरता खोलावा लागेल. नवीन किट टाकतो. जन्माचं काम होईल."

"कुणाच्या जन्माचं? तुझ्या की तिच्या?"

"तुझं तोंड बंद ठेवलंस तर तिघांच्याही."

दादाने कार्बोरेटर काढला, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याची हाडं वेगळी केली. पेट्रोल यायची बारीक भोकं, ज्यांना तो जेट म्हणतो, ती फुंकून आणि तारेने साफ केली. आत संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तसाच एक तरंगता गोळा असतो, त्याची पातळी लावली. नवीन सुई, नवीन वायसर, सगळी गॅस्केटं नवीन. चकचकीत करून बसवला आणि दोन पावलं मागे सरून, नवरीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत उभा राहिला.

त्याच आठवड्यात आत्यानेही थोरलीसाठी एक खरेदी केली. ती ट्रक लावायची त्या गल्लीत कुणीतरी टाकीत नळी घालून पेट्रोल ओढत होतं. आत्याने जुन्या सामानाच्या दुकानातून टाकीला कुलपाचं झाकण आणलं. आत जाड रबर, असं घट्ट की फिरवताना मनगट दुखावं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. हे ती दादाला बोलली नाही. झाकणात बोलण्यासारखं काय असतं?

कार्बोरेटर बसवला आणि पहिल्याच दिवशी नाटक सुरू झालं. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल पाजणारी दांडी, ओढलेला असला की थोरली चालायची. चोक आत ढकलला, पायाचा दाब काढला, की दोन आचके देऊन बंद.

"हवा घेतेय कुठूनतरी," दादा म्हणाला. साबणाचं पाणी करून त्याने सगळ्या सांध्यांवर ओतलं. बुडबुडे आत ओढले गेले असते तर तिथे फट आहे असं कळलं असतं. एकही ओढला गेला नाही. इंजिन तेवढं धुऊन निघालं. मग त्याने हवेचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरवला. मग प्लग काढून बघितले. मग ठिणगीचे पॉइंट घासले. मग पेट्रोल वाईट आहे असं ठरवलं. मग आत्याचा पाय वाईट आहे असं ठरवलं.

"पाय काढल्यावर बंद पडतेय, दादा. माझा पाय त्यात नाहीच आहे."

"तेच म्हणतोय. काढायची पद्धत असते."

अखेर त्याने कार्बोरेटर पुन्हा खाली घेतला. दिवसासुद्धा गॅरेजात अंधार, म्हणून आत्याने टॉर्च धरला. वरचा आणि खालचा भाग वेगळा केला, मधलं गॅस्केट निघालं. कागदासारखी पातळ चकती. तिला एका बाजूला मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं. गाडी मंद चालताना लागणारं घोटभर पेट्रोल त्या भोकातून जातं. आणि ते भोक नेमकं उलट्या बाजूला होतं. वाट होती तिथे कागद, आणि कागदाला भोक होतं तिथे नुसता पत्रा.

दादाने गॅस्केट हळूच पालथं केलं. त्याला वाटलं, बहिणीला कळलं नसेल.

"उलटं होतं ना?" आत्या म्हणाली.

"फिरलं असेल बसवताना."

"चार स्क्रूमध्ये अडकलेलं गॅस्केट फिरलं? भोवरा आहे का?"

इथवर ठीक होतं. घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिथे असलं गॅस्केट कुठलं राहणार? संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर, टायरवाल्याकडे, काचवाल्याकडे आणि बाजारातल्या यच्चयावत हमालांना कळलं, की मिस्त्रीने स्वतःच्या बापाच्या ट्रकला उलटं गॅस्केट बसवलं. आत्या ते नक्कल करून दाखवायची. दादाचा चष्मा, त्याचं दोन पावलं मागे सरणं, त्याचं नवरीकडे बघितल्यासारखं बघणं. लोक पोट धरून हसायचे. मग दादा रस्त्याने निघाला की कुणीतरी विचारायचं, "मिस्त्री, सदरा सुलटा आहे ना?"

थोरली मात्र आता जागेवर गोड चालायला लागली. मांजर गुरगुरावं तशी. पण सामान भरून लांबच्या वाटेला लागली, की थोड्या वेळाने धापा टाकायची, ओढ कमी व्हायची आणि रस्त्याच्या मधोमध बंद. पाच-दहा मिनिटं वाट बघितली की सुरू. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद.

दादा रस्त्यावरून गाडीत बसून बघायला येणार नव्हता हे उघड होतं. त्याने उभ्या थोरलीला मिनिटभर रेस देऊन बघितली. ती चालली. म्हणून त्याने अंदाजाने दुखणी काढायला सुरुवात केली. तरंगता गोळा अडकतोय म्हणून कार्बोरेटर खोलला. सुई चिकटतेय म्हणून पुन्हा खोलला. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा रबरी पडदा बदलला. इंजिनाच्या उष्णतेने नळीत पेट्रोल उकळतंय, असं एकदा त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने नळीला ओलं फडकं गुंडाळलं. टपरीवरच्या एकाने आत्याला सांगितलं, की नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले की उष्णता कमी होते. आत्याने घरातले सगळे चिमटे लावले. गाडी बंद पडली होती, चिमटे लावेपर्यंत दहा मिनिटं गेली, गाडी सुरू झाली. आत्याने चिमट्यांची तारीफ चालू केली ती गाडी पुढच्या चौकात बंद पडेपर्यंत. घरी नवऱ्याचे सदरे तेवढे वाऱ्याने शेजारच्या गच्चीवर गेले.

आणि प्रत्येक वेळी ती दादाच्या नावाने बोंब मारायची. कार्बोरेटर त्याने उघडला, त्याच्यानंतर हे सुरू झालं, मग दोष कुणाचा? एकदा उलटं बसवणारा दुसऱ्यांदाही काहीतरी उलटं बसवणारच. यात तर्क होता, आणि तर्काला आत्याचा आवाज होता.

एका सकाळी वहिनी घरी आली. दादाची बायको म्हणजे नाकासमोर चालणारी बाई, नणंदेशी सहसा वाद घालत नाही. ती दारातच उभी राहिली.

"गॅरेज भाड्याने द्यायचं म्हणतायत हे."

"कुणाला?"

"मोबाइलच्या दुकानाला. भिंतीवरचे पाने काढून पोत्यात भरलेत. हात पहिल्यासारखा राहिला नाही म्हणतात. रात्री उठून अंधारात बोटं चाचपत बसतात."

"बरंच झालं," आत्या म्हणाली. "निदान मोबाइलला गॅस्केट नसतं."

वहिनी आल्या पावली परत गेली. तोंडात टाचण्या असलेल्या नवऱ्याने मान वर करून आत्याकडे बघितलं आणि पुन्हा शिलाईत घातली. त्या दिवशी आत्याला जेवण गेलं नाही. ती म्हणाली, पित्त झालंय.

त्यानंतर दोनेक दिवसांनी तिच्याकडे एक काम आलं. सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं, काका आणि काकू. काका घर सोडून निघाले होते. भांडण नव्हतं, तिसरं माणूस नव्हतं. नोकरीतून मोकळे झाल्यावर काकांनी ट्रम्पेट शिकायला घेतलं होतं, एवढंच. काकूंनी काही वर्षं कापसाचे बोळे कानात घालून काढली आणि शेवटी सांगितलं, की एक तर ते राहील किंवा मी. काकांनी बराच विचार केला. हा विचार करायला त्यांना वेळ लागला, याचाच काकूंना जास्त राग होता. शहराबाहेर काकांच्या मित्राचं जुनं दुकान रिकामं होतं, त्याच्या माडीवर राहायचं ठरलं.

सामान बेताचं. पलंग, दोन खुर्च्या, पुस्तकं, स्टोव्ह, ट्रम्पेटची पेटी. हमाल पुढे टेम्पोने गेले. काका ट्रकमध्ये बसले, आणि त्यांच्या पाठोपाठ काकूही चढल्या.

"तुम्ही पण?" आत्याने विचारलं.

"माझं मोठं पातेलं नेतायत का, ते बघायला," काकू म्हणाल्या. "आणि खोली कशी आहे तेही."

सकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरून आत्याने कुलूप फिरवलं होतं. गोदामांच्या भिंती लागतात त्या लांब रस्त्यावर थोरलीने धापा टाकल्या आणि नेहमीसारखी बसली. आत्याने कडेला घेतली, चार शब्द उच्चारले. काकूंनी ते ऐकले नाहीत असं दाखवलं, काकांनी लक्षात ठेवले. मग आत्याने दादाला फोन लावला.

"बसलीये. गोदामाच्या भिंतीपाशी. ये आणि बघ स्वतःच्या हाताचा पराक्रम."

पलीकडून नेहमीसारखी उलट शिवी आली नाही. "येतो," एवढंच दादा म्हणाला. हे आत्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

काका-काकूंसाठी तिने मागच्या दोन खुर्च्या खाली उतरवल्या आणि भिंतीच्या सावलीत मांडल्या. दोघं शेजारी शेजारी बसले, लग्नाच्या फोटोत बसतात तसे, फक्त वैतागलेले.

"वाजवू का जरा? वेळ जाईल," काका म्हणाले.

"वाजवा. मी चालत घरी जाते."

काकांनी पेटी पुन्हा बंद केली.

थोरलीचा पेट्रोलचा काटा बापाच्या काळातच मेला होता. त्यामुळे टाकीत काठी बुडवून बघायची रीत. पेट्रोल पुन्हा गळतंय की काय म्हणून आत्याने काठी घेतली, गळ्यातली किल्ली काढली आणि झाकण फिरवलं. आजवर तिने ते झाकण उघडलं होतं ते सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. बंद पडल्या पडल्या कधीच नाही.

झाकण सैल झालं आणि टाकीने लांबलचक श्वास घेतला. हूऽऽश्श.

"कोण उसासे टाकतंय?" काकूंनी मान न वळवता विचारलं.

"मी नाही," काका म्हणाले.

आत्या काठी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने झाकण बाजूला ठेवलं, आत जाऊन गाडीची किल्ली फिरवली. थोरली पहिल्या झटक्यात सुरू झाली. ना वाट बघणं, ना चिमटे.

"काका, इकडे या. बसा इथे. इथे पाय दाबून ठेवा."

काकांना आयुष्यात कुणी ट्रकच्या स्टिअरिंगमागे बसवलं नव्हतं. ते मोठ्या हौसेने बसले आणि इंजिन असं काही रेस केलं, की काकू उठून उभ्या राहिल्या. आत्याने टाकीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. थोड्या वेळाने हाताचं मांस आत ओढलं जायला लागलं. आणखी पाच-सात मिनिटांनी थोरलीने त्याच ओळखीच्या धापा टाकल्या. आत्याने हात उचलला, टाकीतून बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला, आणि इंजिन पुन्हा सुरळीत झालं.

आता सगळं स्वच्छ होतं. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला हवी. जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक छिद्र होतं. तिच्या कुलपाच्या झाकणाला काहीच नव्हतं. पंप बिचारा पेट्रोल खेचायचा, टाकी सोडायची नाही. थोडा वेळ उभं राहिलं की कुठूनतरी चोरपावलांनी हवा शिरायची आणि गाडी सुरू व्हायची. गॅरेजात उभ्या गाडीला मिनिटभर रेस देताना पेट्रोल लागतं ते घोटभर, म्हणून तिथे कळायचं नाही. दादाचा कार्बोरेटर ठणठणीत होता. गॅस्केट सुलटं केल्यापासून तो एकदाही चुकला नव्हता. तीन आठवडे थोरलीचा गळा आवळून धरला होता तो आत्याने स्वतः, आणि त्याची किल्ली गळ्यात मिरवत होती.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं तिची आई म्हणायची. आई हे बहुधा आत्यालाच उद्देशून म्हणायची.

"सुरू झाली ना? मग निघू या," काकू म्हणाल्या.

आत्याने फडकं घेतलं, टाकीच्या तोंडावर बांधलं. आत्ताच निघालं तर दादा यायच्या आत पुढचा चौक गाठता आला असता. वाटेत कुठेतरी जुनं झाकण विकत घ्यायचं, हे ओढ्यात फेकायचं. "बरी झाली आपोआप," असं सांगितलं की संपलं. कुणाला काही कळणार नाही. आणि बाजारात गेले तीन आठवडे तिने जे तोंड वाजवलं होतं, ते तसंच राहिलं असतं. तिने खुर्च्या चढवल्या, काका-काकूंना बसवलं, स्वतः स्टिअरिंगमागे बसली आणि गिअरवर हात ठेवला.

हात तिथेच राहिला. तिला वहिनीचं वाक्य आठवलं. अंधारात बोटं चाचपत बसलेला दादा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि तो काही केल्या हलेना.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली आणि इंजिन बंद केलं. "भाऊ येतोय. त्याच्याकडून शिव्या खायच्यात, मग निघू."

दादा स्कूटरवर आला. तोंडावर वारा असला की त्याला लागायची नाही. पिशवी खांद्याला, चेहरा उतरलेला. त्याने बहिणीकडे बघितलंही नाही. बॉनेट उघडलं, पाना काढला आणि कार्बोरेटरच्या पहिल्या नटाला लावला.

"काढून देतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे ने. मला काही सापडत नाही. चार वेळा खोलला, मला वाटतं बरोबर आहे. पण माझ्या वाटण्यावर आता काय भरवसा?"

"राहू दे तो नट."

"एकदाच काढतो."

"दादा, राहू दे म्हणते ना. कार्बोरेटरला काही झालेलं नाही."

"मग कशाला झालंय?"

आत्याने झाकण पुढे केलं. "हे मी बसवलंय," ती म्हणाली. "तू किट टाकलंस त्याच आठवड्यात. पेट्रोल चोरीला जात होतं म्हणून."

दादाने झाकण हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. ओठांना लावून फुंकलं. गाल फुगले, हवा गेली नाही. त्याने परत एकदा फुंकलं. मग चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत राहिला.

"याला छिद्र नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मी पंपाचा पडदा बदलला."

"हो."

"ओलं फडकं गुंडाळलं. त्या भिकार चिमट्यांवर मी तुला हसलोसुद्धा नाही, कारण मला वाटलं, असेलही खरं."

"हो रे बाबा. बोल अजून. आज मी गप्प बसणार आहे."

पण दादा थोरलीच्या पायरीवर बसला. त्याने आपले दोन्ही हात समोर धरले, तळवे वर, मग खाली, आणि बोटं हलवून बघितली, नवे हातमोजे घातल्यावर बघतात तशी. आत्या शेजारी उभी होती. भावाच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती, म्हणून तिने त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं.

"गॅस्केट मात्र उलटंच होतं," दादा म्हणाला.

"होतंच. ते मी सोडणार नाही."

"नको सोडूस." आणि तो हसला. आधी नाकातल्या नाकात, मग पोटातून. मग आत्याही. वर काकूंनी काकांना विचारलं, ही माणसं भांडतायत की काय, आणि काका म्हणाले, नाही, नातेवाईक आहेत.

दादाने झाकणातलं रबर काढलं, पत्र्यात खिळ्याने छिद्र पाडलं आणि झाकण परत बसवलं. मग स्कूटरवरून थोरलीच्या मागोमाग थेट त्या दुकानापर्यंत आला. वाटेत ती एकदाही थांबली नाही. प्रत्येक वळणावर आरशात दादाचं हेल्मेट दिसत होतं आणि ते डुलत होतं. गातही असावा.

माडीवरची खोली काकूंनी नीट बघितली. खिडकीला पडदा नाही, पाणी अर्धाच तास येतं, भिंतीला पोपडे आहेत, असं सगळं बोलून दाखवलं. पातेलं सापडलं, ते काखेत मारलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी जेवायला येईन. स्वयंपाक तुम्ही करायचा. आणि वाजवायला लागलात की मी उठणार." काका म्हणाले, "चालेल." काकू परत जाताना आत्याच्या शेजारी बसल्या आणि अर्ध्या वाटेत एकदा डोळे पुसले, धुळीचं निमित्त करून. पुढे ते तसंच चालू राहिलं. दर गुरुवारी काकू जातात, जेवतात, पहिला सूर निघाला की चपला घालतात. संसार आधीपेक्षा बरा चाललाय असं दोघंही वेगवेगळं सांगतात.

आत्याने बाजारात काय केलं, तेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ती टपरीवर गेली आणि तिने सगळी गोष्ट स्वतःच सांगितली. नकलेसकट. या वेळी नक्कल स्वतःची होती, गळ्यात किल्ली मिरवणारीची. लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. मधेच तिने सगळा दोष झाकण विकणाऱ्यावर ढकलायचा प्रयत्न केला, पण टायरवाला म्हणाला, "आत्या, त्याने विकलं, बसवलं कुणी?" तेव्हा तिने तेही कबूल केलं. मग गॅरेजात गेली, कोपऱ्यातलं पोतं उघडलं आणि एकेक पाना काढून भिंतीवर खिळ्याला लावायला लागली. दादा म्हणाला, "तो तिथे नसतो." आत्या म्हणाली, "आता असतो." वहिनी आतून चहा घेऊन आली आणि कधी नव्हे ती स्वतःही तिथेच प्यायला बसली.

मोबाइलवाल्याला दादाने नाही म्हणून कळवलं. त्यानंतरचे काही महिने मात्र तो असह्य झाला होता. कुणी काहीही घेऊन येवो, सायकल आणली तरी, "आधी झाकण दाखवा," म्हणायचा आणि आत्याकडे बघायचा. ती सहन करायची. दात ओठ खाऊन, पण करायची. तिच्या नवऱ्याने एकदा तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून तिचं अभिनंदन केलं.

मग थंडीत थोरलीचा क्लच घसरायला लागला. दादा म्हणतो, आत्या क्लचवर पाय ठेवूनच चालवते म्हणून तो जळला. आत्या म्हणते, दादाने गेल्या वेळी प्लेट बसवली तीच बेताची होती. गॅरेजातून सकाळपासून आरडाओरडा चालू आहे, आणि शेजारी निवांत आहेत.